रंग म्हणायचं नाही

नाशकात तिवंध्यावरच्या रंगनाथरावांना शब्दांची भारी हौस होती. अर्थाची मात्र मुळीच नव्हती. कांद्या-बटाट्याच्या अडतीवर त्यांचं पोट सुटलं, पोट सुटल्यावर अंगात कोट आला, आणि कोट आल्यावर म्हणे समाजकार्य सुचलं. म्हणजे काय, तर ओट्यावर चार रिकामटेकडे जमवायचे, त्यांना चहा पाजायचा आणि चहा संपेपर्यंत आपलं बोलणं ऐकवायचं. एकदा भद्रकालीजवळच्या सभेत त्यांनी बायकांना 'माझ्या अबला भगिनींनो' अशी साद घातली. घरी आल्यावर पुतणीनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, की 'अबला' म्हणजे 'अव्वल' अशी त्यांची समजूत होती. पहिल्या नंबरच्या भगिनी, असं त्यांना म्हणायचं होतं. सभेतल्या बायकांना दोन्ही शब्द ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आपण वक्ते आहोत याबद्दल रंगनाथरावांची उरलीसुरली शंकाही फिटली.

ही पुतणी म्हणजे बकुळा. वय पंधरा, इंग्रजी पाचवीत, वर्गात पहिली, आणि आपण पहिल्या आहोत हे तिला चांगलं माहीत होतं. वडील ती तान्ही असतानाच गेले. तेव्हापासून ती आणि तिची आई गोजराबाई थोरल्या काकांच्या घरात, म्हणजे काकांच्या भाषेत 'छत्रछायेखाली', राहत होत्या. अबलेचं प्रकरण झाल्यापासून काकांची भाषणं बकुळाच लिहून देई. तिनं 'स्त्रियांच्या मुखाला वाचा फोडली पाहिजे' असं लिहिलं की काका ते वाक्य दोनदा म्हणत, कारण त्यात काहीतरी फोडायचं होतं आणि तसं काही म्हणताना त्यांचा हात छान वर जाई. बकुळा मागं उभी राहून ऐके आणि मनात म्हणे, या माणसाच्या तोंडात शब्द म्हणजे म्हशीच्या शिंगाला बाशिंग.

मग ती का लिहून देत होती? तर म्युनिसिपालिटीची निवडणूक आली होती, काका उभे होते, आणि त्यांनी तिला एक शब्द दिला होता.

"निवडून आलो तर मॅट्रिकपर्यंत खुशाल शीक," ते म्हणाले होते. "मेंबराच्या घरात शिकलेली पोरगी शोभते. पडलो तर वैशाखात चांदवड. रंगनाथाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ."

चांदवड म्हणजे मंगळूशेठ. कांद्याचा मोठा व्यापारी, तिजवर, वय विचारलं की हसून कांद्याचा भाव सांगणारा. काकांच्या अडतीला त्याचा माल हवा होता आणि त्याला बायको हवी होती. एवढा सरळ हिशेब.

तर बकुळाच्या शाळेचं सगळं सुतळीवर टांगलेलं होतं आणि सुतळी काकांच्या हातात होती. मूर्ख माणसाच्या विजयासाठी मनापासून झटावं लागणं याहून मोठा अपमान नाही, असं तिनं शाळेतल्या मैत्रिणीला, सुरय्याला, सांगितलं. सुरय्या म्हणाली, "मग जिंकव त्याला आणि अपमान वाटला तर वर्षभर घरात तोंड धूत बस."

निवडणुकीत घरच्या मतांची तजवीज काकांनी आधीच केली होती. घरपट्टी भरणाऱ्या बाईचं नाव यादीत येतं असं कळल्याबरोबर त्यांनी घराचे तुकडे पाडून ते बायकांच्या नावावर चढवले. पुढची खोली बायकोच्या, म्हणजे लंकाबाईंच्या नावावर. माजघर आत्या अक्काबाईंच्या. सून तानू हिला जिन्याखालचं कोठार मिळालं. बकुळाच्या आईच्या वाट्याला गोठा आला. गाईसकट नाही, नुसता गोठा. हा स्त्रियांना दिलेला मालकी हक्क आहे, असं काकांनी सभेत सांगितलं आणि त्यावरही टाळ्या पडल्या.

चौघींपैकी एकीलाही अक्षर येत नव्हतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी खोलीत जाऊन मतदानाच्या साहेबाला उमेदवाराचं नाव सांगायचं आणि साहेबानं खूण करायची, अशी रीत होती. आणि इथं सगळी गंमत होती, ती घरात एकट्या बकुळाला दिसली.

लंकाबाई, म्हणजे बकुळाची थोरली काकी, नऊ वर्षांची असताना ओझरहून या घरात आली. आल्यावर पहिल्याच रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे रंगाच्या हौदावर, पोरांची धमाल पाहून ती आनंदानं ओरडली, "रंग, रंग." सासूनं तिला मागच्या दारी नेलं आणि तिच्या तोंडात मिठाचा बोकणा भरला. नवऱ्याचं नाव रंगनाथ. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं. पूर्ण घेतलं तर पूर्ण, अर्धं घेतलं तर अर्धं. पुढं एका लग्नात बायकांनी आग्रह केला म्हणून तिनं उखाण्यात नाव घेतलं, आणि त्याच आठवड्यात काकांना मुदतीचा ताप आला. झालं. त्या दिवसापासून उखाणासुद्धा बंद.

तेव्हापासून काकीच्या जगात रंग नव्हता. लुगड्याला वाण असायचा. रंगारी म्हणजे 'कापडं बुडवणारा'. रंगपंचमी नुसती पंचमी. नाथाचीही तीच गत. बकुळाला सगळं गाव अनाथ म्हणे, काकी पोरकी म्हणे. जीभ घसरून नथीची नाथ होईल या भीतीनं ती नथीलासुद्धा 'मोत्या' म्हणायची, आणि पाहुण्या बायका दारात कुत्रा शोधायच्या. बकुळा लहानपणी या सगळ्याला हसत असे. मोठी झाल्यावर तिला राग येऊ लागला, आणि राग काकीचा जास्त येऊ लागला. एवढी धडधाकट बाई, पाण्याचा हंडा एका हातानं उचलते, आणि एका शब्दाला भिते. कणकेची बाहुली आहे नुसती.

बकुळाच्या आईचीही तीच गत आणि तानूचीही तीच. थोरल्या दिरांचं नाव भावजय घेत नाही, सासऱ्याचं नाव सून घेत नाही. उरल्या अक्काबाई. त्या काकांच्या सख्ख्या आत्या, त्यांना कसलं बंधन नव्हतं, पण त्या ऐकायच्या कमी आणि बोलायच्या जास्त.

बकुळानं हे काकांना जाऊन सांगितलं. म्हणाली की तुम्ही एकदा सगळ्यांना बसवून परवानगी द्या, तुमच्या शब्दाबाहेर त्या नाहीत. काका आरशासमोर फेटा बांधत होते. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं बायकांना तालमीत पाठवायला सांगितलं.

"माझ्या घरातल्या स्त्रिया परक्या पुरुषासमोर माझं नाव घेतील?" ते म्हणाले. "अगं, घरचे म्हटलं की झालं. नाशकात मला कोण ओळखत नाही?"

वर गंमत अशी, की मागच्या खेपेला कुणीतरी म्हाताऱ्यांच्या कानात नावं कुजबुजली होती म्हणून या खेपेला काकांनीच साहेबाकडे अर्ज केला होता. मतदारास कोणी नाव सुचवू नये, साहेबानेही सुचवू नये, मतदाराने पूर्ण नाव स्वमुखाने 'ऊच्चारावे'. उकाराला काकांनी दीर्घ करून ठेवलं होतं. अर्ज मंजूर झाला तेव्हा त्यांनी पेढे वाटले.

मग बकुळानं पदर खोचला, म्हणजे अजून परकराचाच सोगा खोचला, आणि स्वयंपाकघरात शाळा मांडली. आईला आणि तानूला तिनं समजावून, रागावून, शेवटी शाळेची शपथ घालून पाहिलं. आईनं डोळ्याला पदर लावला. तानू म्हणाली, वन्सं, मी नाव घेतलं तर माझं माहेर तुटेल. काकीसाठी बकुळानं खास उखाणा रचला, कारण नवऱ्याचं नाव घ्यायला उखाण्याची वाट तरी उघडी होती.

"म्हण काकी. पेटीला कुलूप, कुलपाला चावी, रंगनाथरावांच्या नावाची नोंद घ्यावी."

काकी भाकरी थापत होती. पहिली ओळ तिनं छान म्हटली. दुसऱ्या ओळीला भाकरी तव्यावर टाकली, उलटली, फुगवली, टोपल्यात ठेवली, तरी नाव काही आलं नाही.

"काकी, माझी शाळा जाईल गं."

"मला म्हाईत हाय," काकी म्हणाली. "त्या वक्ताला येईल तोंडात. आता नको."

मतदान मुलांच्या शाळेत होतं. काकांनी बायकांसाठी टांगा केला आणि टांग्याला झेंडूच्या माळा लावल्या, गाय सजवावी तशा. बकुळा वयानं लहान, तिला आत सोडत नव्हते. ती व्हरांड्यात खिडकीचे गज धरून उभी राहिली. आत टेबलाशी जाड भिंगांचा साहेब, शेजारी कारकून, आणि कोपऱ्यातल्या बाकावर विरुद्ध उमेदवाराचा, सावळीराम तंबाखूवाल्याचा, माणूस पान चघळत बसलेला.

पहिल्या अक्काबाई गेल्या. साहेबानं विचारलं, मत कुणाला? अक्काबाई म्हणाल्या, "रंग्याला."

"या नावाचा उमेदवार नाही. पूर्ण नाव सांगा."

"रंग्या म्हंजे रंग्याच. त्याचा शेंबूड पुसलाय मी, मला नाव शिकवता?"

साहेबानं काकांचा अर्ज पुढं ओढला, त्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा पूर्ण नाव विचारलं. अक्काबाईंना ऐकू आलं ते एवढंच, की हा पोरगा आपल्यावर विश्वास ठेवत नाही. त्या म्हणाल्या, मग जा, नाय देत, आणि काठी आपटत बाहेर आल्या. नंतर आई गेली. थोरल्या भाऊजींना, म्हणाली. नाव विचारलं तर म्हणाली, ते कसं घेऊ? तानू मामंजींना म्हणाली आणि पदर ओढून थेट बाहेर आली. कोपऱ्यातला माणूस हसू दाबून इतका लाल झाला, की त्याचं पान कुठं संपतं आणि तोंड कुठं सुरू होतं ते कळेना.

मग काकी. डोईवरचा पदर नीट करून ती टेबलासमोर उभी राहिली. हात मंगळसूत्राकडे गेला.

"पेटीला कुलूप, कुलपाला चावी," ती मोठ्यानं म्हणाली. कारकुनानं चमकून वर पाहिलं. बकुळानं गज असे आवळले, की लोखंडाचा वास हाताला लागला. काकीनं खिडकीकडे पाहिलं, बकुळाकडे पाहिलं, तोंड उघडलं. ओठ हलले. त्या तोंडात इतक्या वर्षांचं मीठ होतं.

"त्यांच्या नावाची नोंद घ्यावी."

"कुणाच्या?"

"त्यांच्या."

साहेब चांगला माणूस असावा. तो बराच वेळ थांबला. मग त्यानं पुढच्या बाईला बोलावलं.

काका पडले. आणि पडले तेही अशा थोडक्या मतांनी, की घरच्या चौघींची मतं धरली असती तर निवडून आले असते. ही बेरीज त्यांना सावळीरामाच्या माणसांनी मिरवणूक मुद्दाम तिवंध्यावरून नेऊन, दारात थांबून, मोठ्यानं करून दाखवली. बायकांना वाचा फोडा हो रंगनाथराव, असं कुणीतरी ओरडलं. बकुळाचंच वाक्य. तिला क्षणभर अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगा.

काका घरात आले ते फेटा काढून. चहावाले चौघे अजून ओट्यावर होते, कारण हरल्याच्या दिवशीही चहा मिळतो का हे त्यांना बघायचं होतं. त्यांच्यादेखत काकांनी काकीला हाक मारली.

"एक शब्द. एक शब्द तुझ्या तोंडातून निघेना? नाव घेतल्यानं कुणी मरतं काय? खुळचट समजुती. शंभरदा घे. अगं, नुसता शब्द आहे तो."

काकी दाराच्या चौकटीत उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "नुसता शब्द हाय, तर मंग मला मिठाचा बोकणा कशापायी दिला?"

"तो आईनं दिला," काका म्हणाले. चौघांपैकी एकाला खोकला आला.

काकी आत निघून गेली. त्यानंतर ती दोन दिवस नेहमीसारखी वागली, फक्त भाकऱ्या थापताना तिचे ओठ हलत. बकुळाला वाटलं जप करते आहे. एवढं होऊनही जप, म्हणून तिनं तिच्याशी बोलणंच टाकलं.

आणि काका शब्दाचे पक्के निघाले. लोकांना दिलेल्या शब्दांचं काय झालं ते ज्याचं त्यानं पाहावं, पण पुतणीला दिलेला शब्द त्यांनी असा पाळला, की रविवारी चांदवडची मंडळी दारात हजर. मंगळूशेठ, त्याची थोरली बहीण नवसाबाई आणि शोभेला एक मामा. मंगळूशेठनं डोक्यावरचे केस काळे केले होते आणि मिशा विसरला होता. नवसाबाई बसल्याबरोबर भिंती, पितळ आणि बकुळाची आई, या क्रमानं सगळं तपासायला लागल्या.

बकुळाला पाटावर बसवलं. नाव विचारलं, चालून दाखवायला सांगितलं, सुईत दोरा ओवायला दिला. ती सगळं करत होती आणि आतून कोळशासारखी धुमसत होती. पोरगी लय शिकली का, असं नवसाबाईंनी विचारलं तेव्हा काका घाईनं म्हणाले, छे छे, नावापुरतं, आमच्या घरात रीतभात पहिली, अक्षर मागाहून. आमच्या बायका एकदम कडक रीतीच्या.

तेवढ्यात काकी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. बश्या मांडल्या. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि रोज म्हणत असल्यासारखी म्हणाली,

"रंगनाथ, पावण्यांना पाणी द्या की जरा."

मामाचा घास तिथंच थांबला. काकांनी इकडंतिकडं पाहिलं, जणू या नावाचा दुसरा कुणी खोलीत असेल.

"काय म्हणालीस?"

"पाणी म्हनलं. तांब्या तुमच्या मागंच हाय, रंगनाथ."

नवसाबाईंनी बशी खाली ठेवली. "ह्ये काय हो," त्या काकांना म्हणाल्या, "तुमच्यात बाया दाल्ल्याचं नाव घेत्यात?"

काकांना उत्तर सुचायच्या आत काकी म्हणाली, "घेतो की. त्यात काय हाय? नुसता शब्द हाय. ह्यांनीच शिकवलं, चार मानसांच्या देखत."

बकुळानं काकीकडे पाहिलं. काकीची मान ताठ होती आणि पदराखाली एका हातानं तिनं मंगळसूत्र घट्ट धरलं होतं. दोन दिवस भाकऱ्यांसमोर ही काय जपत होती ते बकुळाला तेव्हा कळलं. तिला हसू आलं, आणि रडूही आलं असतं, पण वेळ नव्हता. ती पाटावरून उठली, पोह्यांचं पातेलं उचललं आणि थेट नवऱ्या मुलासमोर जाऊन उभी राहिली.

"मंगळू," ती गोड आवाजात म्हणाली, "आणखी घ्या ना. तिखट तर नाही लागत?"

मंगळूशेठचा चेहरा सोललेल्या कांद्यासारखा पांढरा झाला. आधीच दोन बायका गेलेल्या माणसाला आयुष्याची काळजी जरा जास्त असते. नवसाबाईंनी त्याला दंडाला धरून उठवलं. लग्नाआधीच भावाला खायला निघालीय, असं काहीतरी त्या म्हणत होत्या. मामानं उठताना उरलेले पोहे तोंडात कोंबले. टांगा रविवार कारंज्याच्या चौकाकडे वळेपर्यंत नवसाबाईंचा आवाज येत होता.

आता काका घर डोक्यावर घेतील म्हणून सगळ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काकांनी तोंड उघडलंही. पण ओरडण्याआधी त्यांनी डाव्या हाताची नाडी उजव्या हातानं धरली. मग खाली बसले. मग आडवे झाले. तानूला पाणी मागितलं, वैद्यांना बोलवा म्हणाले, छातीत कसंसंच होतंय म्हणाले. खुळचट समजुती म्हणणारा हाच तो माणूस. वैद्य आले, जीभ पाहिली, पोट दाबलं आणि पोहे जास्त झाले म्हणून ओव्याचा काढा सांगून गेले.

काढा घेऊन काकी त्यांच्या उशाशी बसली.

"बरं वाटतं का, रंग..."

"नको," काका उठून बसले. "नको, लंके. किती वेळा घेतलंस आज?"

"पूर्ण दोनदा. आता अर्धं."

काका मनातल्या मनात काहीतरी वजा करत असावेत. चेहरा अडतीवर भाव पडल्यासारखा झाला होता. मग त्यांनी अगदी हळू, भाषणाचा एकही शब्द न वापरता विचारलं, की तुला पाहिजे तरी काय.

"पोरगी मॅट्रिक हुईल," काकी म्हणाली. "ती शाळंत जाईल तवर मी मुकी. माझा शब्द."

बकुळा दाराआड होती. आजवर ज्या बाईला तिनं कणकेची म्हटलं त्या बाईबद्दल काय वाटून घ्यावं ते तिला कळेना, म्हणून तिनं आत जाऊन काकीच्या वाटणीची सगळी भांडी घासून टाकली, आणि वाईट घासली.

सोमवारी ती शाळेत गेली. सुरय्याला तिनं सगळं नक्कल करून दाखवलं, मंगळूशेठच्या मिशांसकट, आणि मधल्या सुट्टीपर्यंत अर्ध्या वर्गाला पाठ झालं.

काका मात्र सुधारले असं कुणी समजू नये. तो माणूस सुधारणारा नव्हता. जूनमध्ये नवीन वर्गाची पुस्तकं घ्यायची वेळ आली तेव्हा ते पुन्हा ओट्यावर बसून चहावाल्यांना सांगू लागले, की मुलींना एवढं शिकवून करायचं काय, घरात राहिली तर स्वयंपाक तरी शिकेल, या वर्षी विचार करावा म्हणतो. काकी आत तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही, मान वर केली नाही, आवाजही चढवला नाही.

"रं," ती म्हणाली.

काकांनी खिशातून पैसे काढून बकुळाच्या हातावर ठेवले आणि चौघांना सांगितलं, की स्त्रीशिक्षण हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.